सासूबाईंचं एकच क्रियापद

माझ्या सासूबाईंना, म्हणजे विजयमाला गेनबा भिंताडे यांना, इंग्रजीतलं एकच क्रियापद येतं. त्या एका क्रियापदावर त्यांनी हिंजवडीत मुलींचं हॉस्टेल चालवलं आणि एकदा एका मुलीचं लग्न मोडलं. मला स्वतःला इंग्रजी बरं येतं, असं माहेरी, कर्वेनगरात, मानलं जातं. इथे सासरी त्याचा अजून उपयोग झालेला नाही.

मी सून म्हणून आले तेव्हा हे सगळं घडून गेलं होतं. मी ते सासूबाईंकडून, त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीकडून म्हणजे रशीदामावशींकडून, आणि हॉस्टेलमधल्या कायलकडून असं तीन वेळा ऐकलं आहे. तिघींचं जिथे जुळत नाही तिथे मी मावशींचं खरं धरते. त्या शिक्षिका होत्या, त्यामुळे त्यांना मध्येच कोणी तोडत नसे.

भिंताड्यांची भातखाचरं आयटी पार्कात गेली. घराशेजारी जो तुकडा उरला त्यावर सासऱ्यांनी तीन मजले चढवले. खाली दुकानं काढायची आणि वर भाडेकरू ठेवायचे, असा त्यांचा विचार होता. पण कंपन्यांत नोकरीला येणाऱ्या मुलींना राहायला जागा मिळत नव्हती, म्हणून लेडीज हॉस्टेल निघालं. सासरे कमी बोलतात. हॉस्टेल निघाल्यावर त्यांनी तेवढंही बोलणं बंद केलं आणि सगळा कारभार सासूबाईंवर आला.

सासूबाई सातवी शिकलेल्या. पहिल्या वर्षी ज्या मुली आल्या त्या आंध्रातल्या, केरळातल्या आणि तमिळनाडूतल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. सासूबाईंचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त मोठ्या आवाजात. आमचे हे, म्हणजे संभाजी, तेव्हा कोल्हापूरला शिकायला होते. घरात इंग्रजी येणारं कोणी नव्हतं. सासऱ्यांना जमिनीच्या दलालांकडून ऐकून ‘डील’ आणि ‘फायनल’ हे दोन शब्द येत होते, पण ते मुलींशी बोलताना वापरण्यासारखे नव्हते.

मुलींच्या बोलण्यात एक शब्द सासूबाईंना ओळखीचा वाटला. गेट. हॉस्टेलला मोठं काळं लोखंडी गेट होतं, ते सासूबाई सकाळी उघडत आणि रात्री साडेनऊला बंद करत. सकाळी मुली धावत जिना उतरायच्या आणि म्हणायच्या, “आंटी, गेटिंग लेट, गेटिंग लेट!” सासूबाईंना वाटलं, गेट उशिरा उघडतं अशी तक्रार आहे. त्यांनी ते पहाटेच उघडायला सुरुवात केली. तक्रार चालूच राहिली. एकदा एक मुलगी फोनवर कोणाला तरी वैतागून सांगत होती, “आय डोन्ट गेट इट! आय जस्ट डोन्ट गेट इट!” गेट घट्ट झालं असणार म्हणून सासूबाईंनी भैरू वेल्डरला बोलावून बिजागऱ्यांना ग्रीस लावून घेतलं. वरच्या मजल्यावरून कोणी “गेट रेडी!” असं ओरडलं, तर या खालून ओरडायच्या, “कवाच रेडी हाय!”

मग लिनी नावाच्या मुलीला ताप आला. तिची मैत्रीण खाली येऊन म्हणाली, “आंटी, शी इज नॉट गेटिंग बेटर.”

सासूबाई डॉक्टरांना फोन लावायला उठल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. तापाचा आणि गेटचा काय संबंध?

सासूबाईंचं माहेर धानोरीचं. विश्रांतवाडीच्या शाळेत त्यांच्या बाकावर रशीदा मणियार बसायची. तिच्या वडिलांचं काचेच्या बांगड्यांचं दुकान होतं. सातवीनंतर सासूबाईंचं लग्न ठरलं आणि रशीदा शिकत राहिली. पुढे या रशीदामावशी शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिल्या. सासूबाई दिवाळीत माहेरी गेल्या की दोघींची भेट व्हायची. त्या दिवाळीला त्यांनी चहा समोर यायच्या आतच विचारलं, “रशीदा, गेट म्हंजे काय गं?”

“दरवाजा.”

“ते मला म्हाईत हाय. दुसरं गेट.”

मावशींनी विचार केला. “मिळणं. मिळवणं. आणणं. पोचणं. होणं. कळणं. आणि उठणं, पण त्याला पुढे ‘अप’ लावावं लागतं.”

“येवढं समदं एका शब्दात? मग बाकीचे शब्द काय करत्यात?”

“बाकीचे परीक्षेत विचारायला असतात.”

सासूबाईंना ही थट्टा वाटली. इतक्या कामांना एकच शब्द जुंपणारी माणसं एवढ्या मोठ्या कंपन्या कशा चालवतात, असं त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, “विजे, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दार लागतं. आंबे लागतात, आग लागते. मी तुझी मैत्रीण लागते. आपण काय वेगळं करतो?”

आयुष्यभर वापरलेली भाषा अशी काही करत असेल, अशी सासूबाईंना कधी शंकाही आली नव्हती. शेवटी म्हणाल्या, “मग मला येवढा एकच शब्द शिकव. बाकी मी हातानं करीन.”

भाऊबीज होईपर्यंत शिकवणी चालली. मावशींची पद्धत सोपी होती: आधी गेट, पुढे वस्तू, मग बोट. काळ नंतर बघू. ‘झालं’ म्हणायचं असेल तर गॉट, एवढंच भूतकाळाचं. भविष्यकाळ त्यांनी शिकवलाच नाही. सासूबाई हिंजवडीला परतल्या त्या अशा तयारीने, आणि दुसऱ्याच दिवशी गच्चीच्या कठड्यावर बसलेल्या मुलीला खालून म्हणाल्या, “गेट डाउन!” मुलगी उतरली. सासूबाईंना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

मग त्या थांबल्या नाहीत. गेट मिल्क, गेट बादली, गेट आउट ऑफ बाथरूम. आजारी मुलीला गेट वेल, रडणाऱ्या मुलीला गेट टी. नळदुरुस्तीवाला दत्तोबा गावातलाच होता, त्यालाही त्या गेट पाना म्हणायच्या. तो म्हणायचा, “वयनी, मला मराठी येतं.” मुलींना सगळं समजायचं. मुलीच त्यांना रोजच्या वापरातलं आणखी शिकवत होत्या. एखादी संध्याकाळी पेढे घेऊन यायची आणि सांगायची, “आंटी, आय गॉट प्रमोटेड.” दुसरी सांगायची, “आय गॉट कन्फर्म्ड.” तिसरी, “आय गॉट सिलेक्टेड.” गॉटच्या पुढचा शब्द सासूबाईंना कधी समजला नाही, पण पेढे समजत होते.

कायल या मुलींमधलीच एक. पूर्ण नाव कायल्विळी. ते घरात कोणाला म्हणता येईना, म्हणून अर्धंच ठेवलं. तिरुनेलवेलीची, वडील निवृत्त पोस्टमास्तर, आई नव्हती. ती सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर होती. कामावरून आली की खाली स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायची आणि सासूबाई काय करतात ते बघायची. बोलणं फारसं नव्हतंच, पण ती रोज बसायची.

ते मंदीचं वर्ष होतं. अमेरिकेत काहीतरी कोसळलं आणि त्याची माती हिंजवडीत पडली. सासूबाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की एका दुपारी कायल कंपनीच्या बसऐवजी रिक्षातून उतरली. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या.

“व्हाय गेट होम?” त्यांनी विचारलं.

“आंटी,” कायल म्हणाली, “आय गॉट टर्मिनेटेड.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. गॉट म्हणजे मिळालं. पोरीला टर्मिनेटेड मिळालं. शब्द लांब होता, म्हणजे हुद्दाही मोठा असणार. कायलचे डोळे भरले होते, पण बढती मिळाली की पोरी रडायच्याच. सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, “गुड! व्हेरी गुड!” म्हणाल्या आणि आत जाऊन शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

शिरा परतता परतता त्यांनी शेजारच्या तुळजाबाईंना खिडकीतून ओरडून बातमी सांगितली. तुळजाबाई नारळ घेऊन आल्या. कायलला पाटावर बसवून त्यांनी तिची ओटी भरली, कुंकू लावलं. कायलने काहीच विरोध केला नाही. ती पुढे मला म्हणाली, की तिला वाटलं, महाराष्ट्रात नोकरी गेली की असंच करत असावेत. तिने शिरा खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती खात होती आणि रडत होती, आणि सासूबाई वरून तूप वाढत होत्या.

संध्याकाळी बाकीच्या मुली आल्या. शिरा कशाचा म्हणून विचारलं. सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं, “कायल गॉट टर्मिनेटेड!”

कोणी हसलं नाही. लिनीने त्यांना बाजूला नेलं. सासूबाईंना कळेल अशा शब्दांत सांगायचं, तर तिच्यापुढेही एकच वाट होती. ती म्हणाली, “आंटी, जॉब, गेट आउट.”

सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. आपण बातमी गावभर केली, ओटी भरवली, पोरीला हसत हसत वाढलं, हे एकेक करून त्यांना आठवत गेलं. रात्री त्या जेवल्या नाहीत. त्यांनी मावशींना फोन लावला.

“तू मला गॉट अर्धवट शिकवलंस.”

सगळं ऐकून घेतल्यावर मावशी म्हणाल्या, “मिळालेलं सगळं चांगलंच असतं, असं मी कुठे म्हटलं? मारही मिळतोच की.”

“आता मी तिला काय म्हनू?”

“काही म्हणू नकोस. अशा वेळी इंग्रजी असो की मराठी, क्रियापद नसलेलं बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बस येऊन गेल्या. सासूबाई वर गेल्या तर कायल केस विंचरून, कामावरचे कपडे घालून पलंगावर बसली होती. गळ्यात ओळखपत्र तेवढं नव्हतं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. मावशींनी बजावलं होतं तरी त्यांना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, “गेट अप. गेट मेथी.”

कायल खाली आली आणि मेथी निवडायला बसली.

त्यानंतर ती रोज सकाळी अर्ज पाठवायची आणि दुपारी स्वयंपाकघरात बसायची. इतर काही करायला नसल्यामुळे ती मराठी शिकली. तिचं मराठी अजूनही हिंजवडीचं आहे. ‘हाय’ आणि ‘न्हाई’ ती अगदी सफाईने म्हणते. घरी मात्र तिने कळवलं नव्हतं. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन वडिलांना फोन करायची, ऑफिसमधून आत्ताच आले अशा आवाजात. सासूबाईंना तमिळचा एक शब्द येत नाही, पण वाळवण काढायला त्या गच्चीवर असायच्या. पोरगी खोटं बोलते आहे हे समजायला भाषा लागत नाही, असं त्या म्हणतात.

ते फार दिवस टिकलं नाही. तिच्या गावचा एक मुलगा त्याच कंपनीत होता. त्याने घरी सांगितलं आणि त्याच्या घरच्यांनी पोस्टमास्तरांना.

पोस्टमास्तर षण्मुगम एका दुपारी न कळवता येऊन उभे राहिले. पांढरी, लुंगीसारखी गुंडाळलेली वेष्टी, काखेत छत्री, हातात कापडी पिशवी. सासूबाईंनी त्यांना पडवीत बसवलं, पाणी दिलं. सासरे शेजारी खुर्चीवर येऊन बसले. कायल दाराआड उभी होती. वडिलांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि तमिळमध्ये दोन शब्द म्हणाले. ती मान खाली घालून दाराआडच राहिली, म्हणजे दुभाष्या गेला.

ते इंग्रजी बोलायचे ते पोस्टात पत्रव्यवहार करून कमावलेलं, लांबलचक. त्याचा अर्थ एवढाच होता, की मुलीला घरी न्यायचं आहे. मदुराईला मुलगा बघितला आहे, त्याचं औषधांचं दुकान आहे. “शी विल गेट मॅरीड,” ते म्हणाले.

एवढं सासूबाईंना नीट कळलं.

“नो,” त्या म्हणाल्या. “शी गेट जॉब.”

“शी हॅज लॉस्ट हर जॉब, मॅडम.”

“यस. शी गेट न्यू जॉब.”

“व्हेन?”

मावशींनी भविष्यकाळ शिकवला नव्हता. सासूबाईंनी डोळ्यांसमोर हात लांब लांब नेला आणि म्हणाल्या, “गेट, गेट, गेट.”

पोस्टमास्तर त्या हाताच्या दिशेने बघत राहिले. तिकडे रस्त्यावर कंपन्यांच्या बसची रांग अडकून उभी होती.

“अँड इफ शी डझ नॉट गेट?”

“देन यू गेट हर.”

“अंटिल देन हू विल फीड हर?”

“शी गेट फूड,” सासूबाई म्हणाल्या. “आय गेट मेथी.” आणि मेथी निवडण्याची खूण करून दाखवली. ती पोस्टमास्तरांना कळली नसावी. त्यांनी छत्री एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली आणि हळू, एकेक शब्द तोडत विचारलं, “मॅडम, व्हॉट डू यू गेट फ्रॉम धिस?”

यात तुम्हाला काय मिळतं? मावशींच्या पहिल्या दिवसाच्या पाठातलाच अर्थ होता. सासूबाईंनी खरं उत्तर दिलं.

“आय गेट हेडेक,” त्या म्हणाल्या. “डेली.”

दाराआडून कायलचं हसू फुटलं. तिला ते आवरेना. पोस्टमास्तरांनी वळून मुलीकडे पाहिलं. ती म्हणते, आई गेल्यानंतर त्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मावशी म्हणतात, हे तिने नंतर लावलेलं आहे. पण ते बराच वेळ बघत राहिले हे नक्की, कारण पंचाईत वाटून सासरे बोलले.

“जेवून घ्या,” ते म्हणाले.

जेवायला मेथीच होती. षण्मुगम दोन दिवस राहिले. मुलीशी गच्चीवर बोलले, कधी मोठ्याने, कधी हळू. गावात फेरफटका मारला. निघताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं, की पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, वाट बघतो, तोवर मदुराईला थांबायला सांगतो.

पोंगल आला आणि गेला. नोकरी लागली नव्हती. कायलने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या, दोन्हीकडून काही कळवलं नाही. ती पिशवी भरायला लागली. वडिलांना फोन करायची तिची हिंमत नव्हती, म्हणून सासूबाईंनी नंबर लावायला लावला आणि फोन स्वतः घेतला.

“हॅलो. पोंगल गेटिंग लेट,” त्या म्हणाल्या.

“व्हॉट, मॅडम?” पलीकडून आलं.

“पोंगल गेट मार्च,” सासूबाईंनी स्पष्ट केलं.

“ओके, मॅडम,” पोस्टमास्तर म्हणाले.

मदुराईचा मुलगा मार्चपर्यंत थांबला नाही. त्याने दुसरीकडे जमवलं. लग्न मोडल्याचं पाप सासूबाईंवर आहे असं तुळजाबाई आजही म्हणतात, सासूबाईही ते नाकारत नाहीत.

मार्चही कोरडाच गेला. नोकरी लागली ती उन्हाळ्यात, आणि हिंजवडीत नाही. कर्वेनगरच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेवर माणूस हवा होता. पूर्वीच्या कामापेक्षा ते काम लहान होतं, आणि कायलच्या ते काही दिवस मनाला लागलं. पण ती रुजू झाली, हॉस्टेल सोडून तिकडे राहायला गेली. जाताना सासूबाईंच्या पाया पडली. त्या म्हणाल्या, “गेट फोन, संडे.” ती दर रविवारी फोन करते.

त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात मी होते. मुलींना शुद्ध हिंजवडी मराठीत दटावणारी ही तमिळ बाई कोण, म्हणून मी ओळख करून घेतली. संभाजींचं स्थळ मला तिनेच आणलं. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा माझ्या आईने, मुलीचं इंग्रजी छान आहे, असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “आसू द्या, चालंल.”

कायलने पुढे कॉलेजातच शिकवायला सुरुवात केली. लग्न केलं ते उशिरा, तिथल्याच रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाशी, स्वतःच्या मर्जीने. लग्नात पोस्टमास्तरांच्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. दोघं काय बोलत होते ते वाजंत्रीमुळे ऐकू आलं नाही.

रशीदामावशी आता थकल्या आहेत, तरी दिवाळीच्या आसपास येतात. मागच्या वर्षी म्हणाल्या, “विजे, आता ‘टेक’ शिकून घे. तेही असंच आहे, कुठेही चालतं.”

“कशापायी?” सासूबाई म्हणाल्या. “आता हॉस्टेलात समद्या आपल्याच पोरी हायत, नागपूर-अमरावतीच्या.”

“मग बरंच झालं.”

“कसलं बरं? इंग्रजीच बोलत्यात.”

पोस्टमास्तर वर्षातून एकदा मुलीकडे येतात, आणि चार दिवस आमच्याकडे राहतात. येताना तिरुनेलवेलीचा हलवा आणतात. तो इतका तुपकट असतो की सासूबाई तो कागदावर ठेवून खातात. सकाळी ते आणि सासरे पडवीत शेजारी शेजारी बसतात, एक जण तमिळ पेपर वाचतो, दुसरा मराठी. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पेपर वाचून झाले की ते अदलाबदल करतात आणि फोटो बघतात.